गुरुवारी ये मग

ग्रिम्स्बीत, मासळीच्या लिलावघरामागे,
एका पबच्या मागच्या खोलीत मी आवाज लावतो.
माझा नाही. इतरांचा.
एकोणीस वर्षं ही बटणं फिरवतोय.
पडके गळे सावरलेत,
किरट्या आवाजाला थोडी गुहा दिली आहे,
बेसूराला धुकं.

मार्नी स्टॅमर्स पहिल्यांदा आली
तेव्हा माइकपाशी उभी राहून म्हणाली,
"गुहा नको. धुकंही नको.
कोरडी ऐकू येऊ दे."
मला वाटलं, हिला गाता येत नाही.
खरं सांगायचं तर आजही मला माहीत नाही.

मागे तिघं पोरं जीव खाऊन वाजवतात,
गिटार करवतीसारखी, ड्रमवाला घामाघूम,
आणि ही मध्ये, अंगातला कोटही न काढता,
वाण्याची यादी वाचावी तशी सांगत असते:
बाथरूमचा नळ.
बहिणीचं पत्र, न उघडलेलं.
कुणीतरी विसरलेला मफलर,
त्याला अजून त्याच्या कुत्र्याचा वास.
कधी तिची ओळ तालाआधीच संपते,
कधी ताल निघून जातो
आणि ती मागून रमतगमत येते,
समेचं काही देणं लागत नसल्यासारखी.

लहानपणी मी चर्चच्या गायनवृंदात होतो.
ईस्टरच्या सकाळी, सगळ्यात वरच्या सुरावर
माझा आवाज फुटला
आणि पहिल्या चार रांगांनी माना वर केल्या.
अजूनही कुणी उंच चढायला लागलं की
माझ्या पोटात कालवतं: आता पडेल, आता पडेल.
मार्नीच्या वेळी मी चहा पितो.
ती पडणार कुठून,
जमिनीवरच तर चालतेय.

दिवसा ती दातांच्या दवाखान्यात फोनवर असते.
मला आला होता एकदा:
"मंगळवार, तीन वीस.
येणार नसाल तर आधी कळवा."
फोन ठेवला, आणि दाढेचं विसरून
बराच वेळ मी बसून होतो,
ड्रम कधी सुरू होतात याची वाट बघत.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट.
त्रेचाळीस माणसं, त्यातली अकरा बारकडे तोंड करून.
फ्रीझरचं गाणं चालू होतं,
गाणं म्हणायचंच झालं तर.
भाऊ ॲबर्डीनला गेला, पाकिटातून किल्ली पाठवली,
पत्र नाही.
"तिसरा मजला," ती सांगत होती, "लिफ्ट नाही.
आत हॅडॉक आहे, तीन वर्षांपूर्वीचा.
हा उचलायचा कुणी?"

या ओळीनंतर दर वेळी चार मात्रा रिकाम्या असतात.
तिसरीवर मागून कुणीतरी म्हणालं,
"मी येतो."

क्लिफ बॉरिल. गोदीतून निवृत्त.
आजवर एकाही बँडला टाळी न दिलेला.
कुणी हसलं नाही.
ड्रमवाल्याच्या काठ्या हवेतच.
मार्नीने डोळ्यांवर हात धरून अंधारात पाहिलं,
आणि त्याच पट्टीत, जराही न चढता,
"गुरुवारी ये मग. पाचनंतर."
आणि गाणं पुढे निघालं.

या खोलीत मी मोठमोठे गळे ऐकलेत,
माणसं डोळे पुसायची, हे लपवायलाही विसरायची.
पण त्यांना मध्येच "मी येतो" म्हणावं
असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

गुरुवारी मीही गेलो.
का, ते विचारू नका; गुडघा दुखतो माझा.
फ्रीझर खरा निघाला. हॅडॉकही.
क्लिफ खालच्या बाजूला, मी वरच्या,
आणि ती टॉर्च धरून पुढे, उलटी उतरत.
कुणी फारसं बोललं नाही.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती म्हणाली,
"सावकाश. पायरी तुटकी आहे."

क्लिफ थांबला. मी थांबलो.
आणि शपथेवर सांगतो,
आम्ही दोघांनीही, फ्रीझर हातात धरून,
चार मात्रा मोजल्या.