सोबत कोण आहे

परळच्या इस्पितळात, खिडकी क्रमांक चार.
नाव झालं, वय झालं, रक्तगट आठवला.
मग एक ओळ : तातडीच्या वेळी कोणाला कळवावे.
पेन तिथं टेकलं
आणि शाईचा ठिपका मोठा मोठा होत गेला.
"ताई, मागं रांग आहे."
मी माझाच नंबर लिहिला.

खिडकीतल्या मुलीनं वाचला, मान वर न करता.
"बेशुद्ध तुम्ही असणार. मग फोन कोण उचलणार?"
मला हसू आलं.
मग गेलं.
"सोबत कुणी असल्याशिवाय भूल देत नाहीत. सोमवारी या."

सोमवारला चार दिवस.
फोनमध्ये सहाशे बारा नावं :
गॅसवाला, गॅसवाला नवीन, गॅसवाला उचलू नये,
प्लंबर चेंबूर, एक नुसताच 'अ',
आणि आई,
जो नंबर आता कुणा भलत्याकडे गेला असेल.

पंचवीस वर्षं मी 'मजेत' म्हणत आले.
जिन्यात मजेत, भाजीवाल्याकडे मजेत,
आई गेली त्या पंधरवड्यातसुद्धा
माझगावच्या ऑफिसात, फायलीवरून मान न काढता, मजेत.
दार लावून घ्यायची ही सभ्य रीत.
कडीचा आवाज येत नाही.

पहिला फोन बोरिवलीला, चुलतभावाला.
"सोमवारी? अगं, ऑडिट आहे. काय झालं ते कळव मात्र."
कळवीन म्हटलं. राग नाही आला.
त्याच्या बायपासला मी
फळांची टोपली पाठवली होती, घरबसल्या.

दुसरा नलिनी खोतला.
आठ वर्षांचा अबोला, चार हजार रुपयांवरून.
कुणी कुणाला द्यायचे होते
हे आता दोघींनाही नक्की सांगता येणार नाही.
तिनं उचलला आणि म्हणाली, "कोण गेलं?"
"अजून कुणी नाही."
बराच वेळ नुसता तिच्या पंख्याचा आवाज.
"किती वाजता यायचं?"

तिसऱ्यासाठी फोन नव्हता, जिना होता.
अठरा पायऱ्या. नऊ वर्षांत न चढलेल्या.
वर हर्षिदाबेन, रात्री अकरापर्यंत शिलाई मशीन,
आणि सोसायटीच्या दप्तरात
त्या मशीनबद्दल माझ्या सहीचे तीन अर्ज.
दार उघडलं. तोंडात टाचण्या धरलेल्या.
"मला," मी म्हटलं, "जरा बरं नाहीये."
एवढंसं वाक्य, पण बोलताना वाटलं
दुसऱ्याच्या चपला घालून चालतेय.
त्यांनी टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या.
"मशीन बंद करू?"
"नको. ते राहू दे."

सोमवारी शुद्धीवर आले तेव्हा
पडद्यापलीकडं दोन आवाज,
एकमेकींना आयुष्यात पहिल्यांदा भेटलेल्या दोघी
माझ्या हट्टीपणावर एकमत होत होत्या.
एकीच्या मांडीवर साडी, फॉल अर्धा लावलेला.
"घरचं कोण?" नर्सनं विचारलं.
दोघी उठल्या.
फॉर्मवर नात्याच्या रकान्यात नंतर पाहिलं :
नलिनीनं लिहिलं होतं, 'जुनं'.
हर्षिदाबेननी, 'वरचा मजला'.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही.
परतताना टॅक्सीत त्या चार हजारांवरून
नलिनी आणि मी पुन्हा भांडलो, दादर ते सायन.
भाडं तिनं दिलं. आता हिशेब आणखीच बिघडला.
घराची दुसरी किल्ली वर गेली,
वरची खाली आली, लाल दोऱ्यात.
भावाचा रात्री मेसेज : काय झालं?
मजेत, असं टाइप केलं,
खोडलं,
फोन लावला.

काल सव्वानऊलाच मशीन थांबलं.
मी पुस्तक मिटलं. छताकडं पाहिलं.
दहा मिनिटं. कात्री पडल्याचा आवाजही नाही.
अठरा पायऱ्या.
दार उघडलं. डोळे सुजलेले.
"मजामां," त्या म्हणाल्या, मी काही विचारायच्या आधीच.

मी चपला काढल्या.