घट

मदनझांपा रस्त्यावर, सायकलवाल्यांच्या रांगेत
आमची पिठाची गिरण.
इथे तिला घंटी म्हणतात.
लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात
कुणीसं दारातून विचारलं, "घंटी चालू छे?"
आणि मी देवघरातली घंटा आणायला आत पळाले.
सासरे पोट धरून हसले,
मग दगडाला टाकी कशी लावतात ते दाखवलं.

बावीस वर्षं झाली. सासरे गेले, मोटर दोनदा बदलली,
पाटीवरचं 'शिर्के' पिठाखाली दिसेनासं झालं.
डबे मात्र मला वाचता येतात.
पोचा पडलेला पितळी, रसीलाबेनचा: बाजरी, जाडसर.
बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा, खानविलकरांचा:
भाजणी, सगळ्यांत शेवटी, वास राहतो म्हणून.
हिरव्या झाकणाचा, वर काळ्या रंगात ज. म.:
जशवंतकाका मेहता, पाच किलो गहू, एक शनिवार आड.

गिरणीत हळू बोलता येत नाही.
ही सबब नव्हे, पण झालं ते असं.
एका शनिवारी हिरवा डबा हलका लागला
आणि पट्ट्याच्या आवाजावर मी ओरडले,
"काका, आजे आटलुंज?"
बाकावरचे सहा जण वळले.
काकांनी एक बोट वर केलं.
मला वाटलं, एक किलो म्हणताहेत.
रसीलाबेनने माझा दंड चिमटला तेव्हा कळलं
ते काय मोजत होते.

दगडाला घरातली माणसं ठाऊक नसतात.
पाच टाका, एक टाका,
तो आपला वाटा ठेवून घेतो,
फटीत, कापडी नळीत, हवेत.
पाचात कळत नाही.
एकात डोळ्यावर येतं.
आमच्या धंद्यात त्याला घट म्हणतात
आणि ती गिऱ्हाइकाची असते.

मी त्यांच्या डब्यात आमच्या पोत्यातले गहू टाकू लागले.
मूठभर. थोडे कमीच.
ओरडल्याची भरपाई, दुसरं काही नाही.

चार वेळा असं झालं.
मग एका बुधवारी काका आले,
खिशाला पेन, हातात डबा आणि घरचा तराजू.
"बेन, तमारा कांटामां भूल छे."
माझ्या पोटात गोळा.
एकतीस वर्षं तोलमाप खात्यात काढलेला माणूस,
अर्ध्या बाजाराची वजनं त्याच्या शिक्क्याने चाललेली.
त्यांनी बाकावर वजनं मांडली
आणि आपल्या मराठीत, जपून, एकेक शब्द ठेवत म्हणाले,
"एक किलो दिला. एक किलो परत आला. चार वेळा.
असा कुठल्या घंटीत होत नाही."

लाइट गेलेली होती.
गप्प बसलं तरी ऐकू येत होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं,
"गव्हात खडे होते काय? निवडायची ती.
मला दिसत नाही नीट."
"एखादा," मी म्हटलं.
एकेका खेपेला सात-आठ निघायचे.

पुढच्या शनिवारी हिरव्या डब्यावर एक लहान डबी.
आत सुखडी, खालून करपलेली, वर चिठ्ठी:
चाळीस गुणिले चार, एकशे साठ ग्रॅम. हिसाब पूरा.
बाकावर फिरवली. रसीलाबेन म्हणाली गूळ पुढे गेला,
खानविलकरांनी दुसरा तुकडा घेतला,
आणि मी करपलेली बाजू खाल्ली,
ती मला आवडते, खरंच.

आता काका बुधवारीही येतात, काम नसताना.
माझा काटा तपासतात, नाक मुरडतात.
मग मांडीवर सूप घेऊन बाकावर बसतात,
मी पिशवीतून माझं जाड भिंग काढून देते
आणि ते गहू निवडतात,
आपले झाले की शेजारच्याचे.
खडा सापडला की चिमटीत धरून
पट्ट्याच्या आवाजावर ओरडतात,
"जडला!"
आणि सगळ्यांना बघावंच लागतं.