राखेखालचा निखारा

अश्लेषा तिकडून फोन करते,
ओडेन्स नावाच्या गावातून.
तिथे आता दुपारी साडेतीनलाच दिवेलागण.
परवा म्हणाली, आई, बघ,
आणि फोन फिरवून खोलीभर मेणबत्त्या दाखवल्या,
खिडकीत तीन, टेबलावर दोन,
एक पुस्तकांच्या कपाटाजवळ, मला धास्तीच वाटली.
म्हटलं, लाईट गेली का गं?

ती हसत सुटली. मागे जावईही हसला,
काय झालं ते न कळताच.
मग तिने एक शब्द सांगितला, हुगा की ह्युगा,
माझ्या तोंडात तो काही बसेना,
हुरडा म्हणावं तसा म्हणून पाहिला.
म्हणजे काय, विचारलं, तर म्हणाली,
काही नाही गं. बाहेर थंडी असते,
आत आपण असतो. तेवढंच.

तेवढंच म्हणजे केवढं,
दोन दिवस घोळवते आहे.

मेढ्यात सध्या आठशिवाय उजाडत नाही.
वेण्णेवरचं धुकं स्टँडात येऊन बसतं,
साताऱ्याची पहिली एस.टी. आधी घरघरते, मग दिसते.
तेलाची बाटली चुलीच्या कडेला उभी करायची
आणि तेल सुटेपर्यंत थांबायचं, केस मोकळे सोडून.
थांबायचं म्हणजे बसायचं.
बसलं की मांजर मांडीवर,
आणि मांडीवरचं मांजर उठवून
कुणाचं भलं झालंय?
हे त्या शब्दात येतं का, विचारायचं राहिलं.

ताहेराभाभीने वाकळ शिवून दिली दिवाळीनंतर.
तीत माझी हिरवी साडी आहे, बाळंतपणातली,
ह्यांचे दोन विजार-तुकडे,
अश्लेषाचा शाळेचा निळा फ्रॉक, खिशासकट.
खिसा उसवू का, भाभीने सुई थांबवून विचारलेलं.
नको म्हटलं.
झोपेत माझा हात कधीकधी
आपोआप त्या खिशात जातो.
काही नसतं आत.
खडूची भुकटी असावी, असं वाटतं फक्त.

या आठवड्यात मोटारीला लाईट रात्री बाराची.
हे मफलर गुंडाळतात, बॅटरी घेतात,
गव्हाला पाणी द्यायला जातात,
तोंडातून वाफ काढत, कुत्र्याशी बोलत.
मी वाकळेत पडते,
पण निम्म्याच वाकळेत.
उरलेली निम्मी गार, हात लावला तर दचकायला होतं.
मग उठून चुलीशी जाते,
निखारे एका जागी ओढते, वरून राख घालते,
झोपलेल्या पोराच्या अंगावर घालावं तशी, तोंड झाकू न देता.
भगुलं वैलावर. गवती चहाची दोन पाती. सुंठ.

चारला कडी वाजते.
पाय पांढरेफटक, बोटांच्या बेचक्यात चिखल.
"झोपली न्हाईस व्हय?"
झोपले होते की, मी रोजच्यासारखं खोटं सांगते.
फुंकर घातल्यावर
राखेतून एक लाल डोळा उघडतो, मग दुसरा.
ते पाय शेकतात. आधी डावा.
पाट फुटला होता का?
फुटला होता. बांधला.
बास, याहून जास्त बोलणं नाही.
चहा बशीत ओतल्याचा आवाज,
मांजराने कूस बदलल्याचा.

तिकडे अजून कालचाच दिवस असेल,
रात्रीचे साडेअकरा.
मेणबत्त्या विझवत असेल पोरगी, एकेक करून,
की एखादी ठेवत असेल
उशिरा येणाऱ्यासाठी?
तेव्हाच्या तेव्हा फोन लावून विचारणार होते,
पण दोन्ही हात
पेल्याभोवती होते.