गॅस संपत नाही

एप्रिल लागला की सोलापुरात फोनवर एकच वाक्य:
गॅस संपला, भरून द्या.
माझंही एकच, वीस वर्षं झाली:
गॅस संपत नाही.
तो काय रॉकेल आहे, जळून जायला?
बंद नळीत फिरत राहतो, तेवढाच्या तेवढा.
कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला.
कुठून, ते शोधायचे पैसे कुणी देत नाही.

विडी घरकुलात नरसय्या येमुलांकडे
दोन उन्हाळ्यांत हा तिसरा फोन.
एसी मुलानं पुण्याहून हप्त्यावर पाठवलेला.
राजव्वा म्हणाल्या, रात्रभर चालतोय नुसता.
आधी मधेमधे थांबायचा, दम घ्यायचा.
आता वारा येतो, गारवा येत नाही.
बिल त्यांनी सुपात ठेवलं होतं, तेंदूच्या पानांखाली,
नवऱ्याला दिसू नये म्हणून.

झाकण काढलं. जाळीच्या एका कोपऱ्यात बर्फ.
बाहेर त्रेचाळीस, आत बर्फ.
"बर्फ हाय म्हणजे गार होतंय की," तौसिफ म्हणाला.
नाही बे. बर्फ खोटी साक्ष देतो.
गेज लावला, काटा अर्ध्यावरही चढेना.

मग कान लावला.
बारीक स्स्स असतं एक, शिट्टी वाजायच्या आधीच्या कुकरसारखं.
पण शेजारच्या शेडात चार माग चालू,
आणि नरसय्या भिंतीला टेकून उभे,
बत्तीस वर्षं पॉवरलूमवर, दोन्ही कान तिथेच ठेवून आलेले.

साबणाचा फेस केला, सांध्यांवर ब्रश फिरवला.
उन्हात लावताक्षणी वाळत होता.
"भरून टाकू उस्ताद, अजून चार घरं हायत."
खोटं कशाला बोलू,
माझाही हात सिलिंडरकडे गेला होता. मागच्या दोन वेळेस गेला तसाच.

म्हातारा पुढे आला. विचारलं नाही, काही नाही.
काळं फोम मागे सारलं
आणि तांब्याच्या नळीवर बोटं सोडली,
लाइट गेल्यावर ताण्यावरून सोडत असेल तशी,
तुटलेला धागा शोधत.
नटापाशी थांबली.
"इक्कड."
अर्थ सांगायला राजव्वांनी तोंड उघडलं, तोवर मला कळला होता.

बोटावर तेल. तेलात अडकलेली धूळ, कापसाचा एक तंतू.
गॅस दिसत नाही,
पण जाताना कंप्रेसरचं तेल थोडं थोडं घेऊन जातो.
तिथे फेस लावला.
एक फुगा आला, सावकाश फुगत गेला. त्याच्या पाठीला दुसरा.

मी म्हणालो, खिडक्या उघडा, कुणी काडी ओढू नका.
राजव्वा हसल्या: या घरात विड्या फक्त वळतात.

नट सोडवला. नळीचं तोंड चिरलेलं.
बसवताना मीच केलेलं तोंड,
मीच आवळलेला नट, पुढच्या घराच्या घाईत.

नळी कापली, नवं तोंड केलं,
नायट्रोजन भरून पाऊण तास काट्याकडे बघत बसलो.
हलला नाही. मग आतली हवा ओढून घेतली,
गॅस तोलून भरला.
पैसे विचारले तेव्हा सांगितलं, चूक माझी होती.
तौसिफ स्पॅनर पुसत राहिला, पुसलेलाच.
नरसय्यांना ऐकू गेलं नसेल.
ते बोट नाकाशी नेऊन बघत होते.

रात्री साडेदहाला राजव्वांचा फोन.
घाबरलेल्या: "अहो, थांबला."
म्हटलं, थांबू द्या.