पीएच बारा ते सात

मॅडिसनमध्ये उणे एकोणीस.
तळ्याच्या बर्फाला भोकं पाडून माणसं मासे धरत बसलीत,
आणि मी तळघरातल्या प्रयोगशाळेत
हळदीच्या अर्काची समजूत काढतेय.

पाण्यात घातला की हा तळाशी,
रुसलेल्या जावयासारखा. कितीही ढवळा.
पोटातही तेच:
मूठभर गिळावा, रक्तात चिमूटही पोचू नये,
बाकीचा आला तसा गेला.

म्हणून आज कॉस्टिक. थेंब थेंब.
दहा. अकरा. बारा.
आणि चंचुपात्रात एकदम कुंकू.

ठाऊक होतं मला हे.
केमला मामाच्या कारखान्यात
घमेल्यांनी होतं हे रोज,
बायांचे हात कोपरापर्यंत लाल.
तरी मी एक पाऊल मागे सरकले.
सहा वर्षांत इतका लाल
इतक्या जवळून पाहिला नव्हता.

मग दुधातलं केसीन, त्याच खारात सैल पडलेलं.
दूध आर्डिसने आणलं.
तिच्या भावाने शेवटच्या बावीस गायी ऑक्टोबरात विकल्या.
ती इथे काचसामान धुते,
आणि दुधातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं तिला.

आता ॲसिड, जपून.
अकरा, नऊ, सात.
लाल ओसरतो. प्रथिनाच्या घड्या मिटत येतात
आणि अर्काला आत घेऊनच मिटतात,
ओच्यात चिंचा लपवाव्यात तशा.
तळाशी काही नाही.
पिवळं, धुकट.

विभागप्रमुख डोकावतात:
तुमच्यासारखंच की हे, परक्या मुलखात विरघळणं!
मी हसते.
सर, तो विरघळलाय कुठे?
दुधाने पदराखाली घेतलाय इतकंच.

आर्डिस गुडघा चोळत विचारते,
मग पिऊ का मी?
नको गं.
पेशींच्या थरावर आकडे बरे आलेत, माणूस अजून लांब आहे.
जठरात घडी किती टिकेल,
आतड्याच्या दाराशी कोण आत घेईल, कोण परत धाडेल,
सांगता येत नाही.

हळददुधाचं तिला सांगावंसं वाटतं.
सांगत नाही.
कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडे ते सहा डॉलरला मिळतं,
ती म्हणेल, मग तू इथे काय करतेस?

टेबलाच्या कडेला एक थेंब
बाराचाच राहिलाय, लालभडक.
आर्डिस फडकं उचलते.
थांब, मी म्हणते.

मग म्हणते, पूस.