तीन डॉलरचा खोका

ओस्कालूसाला, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या गल्लीत
शनिवारी एका गॅरेजचं शटर वर होतं.
वॉफलचं यंत्र, बर्फातले बूट, तीन पायांची शेगडी,
आणि खुर्चीखाली बुटांचा खोका, माप दहा.
आत बूट नव्हते. कार्डं होती,
दाबून बसवलेली, कडा तपकिरी, कुबट.

“वडिलांची,” डेल हूक्स म्हणाला.
“एकोणतीस वर्षं होते तिकडे, जंगलात, नदीच्या वरच्या अंगाला.
येशूचं पुस्तक त्या लोकांच्या बोलीत न्यायचं होतं.
मला सहाव्या वर्षी इकडे मावशीकडे ठेवलं.
पत्र दोन महिन्यांनी यायचं. तेही ओलं.”
तीन डॉलर म्हणाला. माझ्याकडे पाचाची नोट.
सुटे नव्हते, म्हणून वर थर्मास दिला.

मी इथल्या दातांच्या दवाखान्यात बिलं करते.
मराठी बोलते ती फोनवर, रविवारी.
दुसऱ्याचे शब्द घेऊन काय करणार होते, माहीत नाही.

वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली एक वाक्य,
सांगणाऱ्याचं नाव, तारीख.

सोवे: पूर ओसरल्यावर उरणारा गाळ.
“सोवेत माझ्या बहिणीचं पाऊल आहे.” तेवाकु, मार्च.

हानिपे: झाड हलवून फळ पाडणं.
“आम्ही हानिपे केलं नाही, हूक्स आपणच पडला.” तेवाकु, एप्रिल.

पाप:
शब्दाची जागा कोरी. पेन्सिलीत, पुन्हा विचारणे.
विचारलेलं दिसतं. तीन शब्द लिहून खोडलेले.
एकट्यानं मासा खाणं. हे नव्हे.
मेलेल्याचं नाव घेणं. हे नव्हे.
सासूच्या डोळ्यांत बघणं. हेही नव्हे.
(इथे मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.)

मग पाऊस लागला असावा. शाई फुटलेली.
उशिरी: खोकला.
“उशिरी विमानातून उतरली.” तेवाकु, नोव्हेंबर.
द्यायचं क्रियापद:
“कुणी कुणाला पाणी द्यायचं?” तेवाकु, नोव्हेंबर.
सोडवायचं क्रियापद, झोळीसाठी वेगळं, गाठीसाठी वेगळं:
“आज सात झोळ्या सोडवल्या.”
सांगणाऱ्याचं नाव नाही.
पुढे कुठल्याच कार्डावर ते नाव नाही.

सगळ्यात मागे, पाप, दुसऱ्यांदा.
या वेळी शब्द आहे, शाईत, ठाम.
अर्थ लिहिलेला नाही. वाक्य त्यांच्याच बोलीत.
मी कार्डं टेबलावर पसरली,
एकेक शब्द शोधत बसले, परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखी.
दारासाठी शब्द मिळेना; शेवटी ‘तोंड’मध्ये सापडला,
त्यांच्याकडे घराला तोंड असतं.
दोन वाजले तेव्हा वाक्य जुळलं:
“मी खोकत आलो आणि घराच्या तोंडाशी थांबलो नाही.”
सांगणारा: व्हर्नन हूक्स.

त्या तारखेनंतर ते आणखी अकरा वर्षं तिथे होते.
पुस्तक छापलं. पाचशे प्रती.
किती वाचायला उरले, हे डेललाही सांगता येत नाही.

सोमवारी मी खोका घेऊन गेले.
तो उरलेलं सामान ट्रकमध्ये टाकत होता.
वाक्य सांगितलं. त्यानं हातमोजे काढले, पुन्हा घातले.
म्हणाला, “सुट्टीला यायचे ना,
तर मावशीच्या अंगणातच शर्ट काढायचे,
बागेच्या नळीखाली उभे राहायचे, ऑक्टोबरातसुद्धा.
मग पायरीवर बसायचे.
मावशी ‘आत ये’ म्हणायची, तरी बसून राहायचे.
एकदा तीन दिवस गॅरेजमध्ये झोपले. ह्याच.
मी खिडकीतून हात करायचो.
मला वाटायचं, माझ्यावर रागावलेत.”

खोका त्याला परत देऊ केला. नको म्हणाला,
मग म्हणाला, एक कार्ड दे. कुठलंही.
मी न बघता काढलं. सोवे.
त्यानं ते खिशात घातलं,
आणि थर्मासचं झाकण राहिलं होतं म्हणून
ट्रकमध्ये पुन्हा चढला, शोधू लागला.