आहेर

मे महिन्यातला तो शनिवार. बँड क्लबात
ट्रॉम्बोन आणि ढोल कोपऱ्यात सारून
चेन्सा टीव्हीवरची धूळ बाहीनेच पुसते.
खुर्च्या ठरलेल्या. पंख्याखालची स्पिरूची,
दाराजवळची डोरिसची, कारण तिला
मध्येच उठून बाहेर जाऊन
सिगारेट ओढायची असते, जगाला शिव्या द्यायच्या असतात.
मी गल्ल्यावर. ग्लास विसळत ऐकते.

"यंदाची आपली पोरगी बरी आहे."
"बरी? शेवटचा सूर बघ,
गच्चीवरच्या चादरीसारखा हलतोय."
"सूर कोण ऐकतं? धूर बघतात, धूर."
"धूर आपणही सोडलाय की."
"आपला धूर स्वस्तातला."

मग शेजाऱ्यांचा विषय. दरवर्षी निघतो.
उत्तरेचे उत्तरेला देतात,
डोंगराअलीकडचे डोंगरापलीकडे,
कालपरवापर्यंत बंदुका रोखून बसलेलेसुद्धा
बारा-बारा गुणांचा आहेर करतात,
मागच्या लग्नात काय आलं होतं ते बघून, जेवढ्यास तेवढा.
"आपल्याला शेजारी कोण?" डोरिस विचारते.
चारी बाजूंनी पाणी.
मासे मत देत नाहीत.

स्पिरूकडे एक वही आहे. गोदीतल्या हजेरीची, निळ्या रेघांची,
निवृत्त होताना उचललेली.
कोणत्या साली कोणी आपल्याला किती दिले, सगळं तिच्यात.
शून्यं तो फार सुंदर काढतो,
हात बसलाय.
फिनलंडच्या रकान्यापाशी तेवढं पान मऊ पडलंय.

ग्लेन तिकडे गेला. टाम्पेरेत लिफ्ट दुरुस्त करतो म्हणे.
आईच्या मातीला आला नाही,
त्यानंतर फोनही नाही, इकडून नाही, तिकडून नाही.
पण त्या काळी देशांची नावं घेऊन
प्रेक्षकांचे गुण मोठ्यानं वाचायचे,
आणि एका वर्षी फिनलंडनं आम्हाला तीन दिले.
स्पिरूनं तीनचा आकडा दोनदा गिरवला.
कुणी काही बोललं नाही.
डोरिससुद्धा.

आता पद्धत बदलली. प्रेक्षकांचे सगळे गुण
एकाच पातेल्यात ओततात आणि एकच आकडा सांगतात.
कोणाचा आहेर किती, कळत नाही,
पाकिटावर नावच नाही.

आज आकडा आला: आठ.
पोरगी पडद्यावर हसली, जसं हसावं लागतं तसं.
"आठ! कोणाचे गं आठ?"
"ऑस्ट्रेलियाचे," चेन्सा म्हणाली. "मेलबर्नला माझ्या तीन नणंदा.
एका फोनवरून वीस मतं. कर हिशेब."
"नणंदा तुझ्यासाठी वीसदा फोन लावतील?"
"माझ्यासाठी नाही. बेटासाठी."
"बेटासाठी येतात का कधी?"
वाद पार पहाटेपर्यंत गेला. कोण जिंकलं
ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.
पास्तिझीचा चुरा झाडताना मी पाहिलं,
पंख्याखालची खुर्ची केव्हाच रिकामी झाली होती.

रविवारी, मिस्सानंतर, स्पिरू गल्ल्यावर आला.
काचेच्या ग्लासात चहा मागितला. तक्ता मागितला नाही.
तो कधीच मागत नाही. मीच फोन उघडते,
देशागणिक, सगळं आलेलं असतं तोवर.

"ऑस्ट्रेलिया," मी म्हटलं. "आठच्या आठ."
"म्हणजे चेन्सा आता वर्षभर ऐकवणार."
"हो."
चहा हलवत राहिला. साखर कधीच विरघळली होती.
"तिकडं आता रात्री अंधारच पडत नाही," म्हणाला,
"माणसाला झोपेचं भान राहत नसेल."
मग जरा थांबून,
"आणि आपण? आपल्या लोकांनी त्यांना किती दिले?"

मी बोट सरकवत खाली गेले.
"फिनलंडला दहा."

मान हलली. वही उघडली, ही बाजू मी कधी पाहिली नव्हती,
मागच्या पानापासून उलटी सुरू केलेली,
एकच रकाना, वर्षं आणि आकडे.
"वीसच्या वीस लावले मी," तो म्हणाला.
दहा लिहिले. पेनाचं टोपण शोधू लागला.
"गाणं अगदीच भिकार होतं."